नाल्याच्या अलीकडे

रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आमच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये सकाळी सातच्या सुमाराला एकामागून एक निरोप पडायला लागतात. ‘गाडी उभी आहे.’ खाली गावाचं नाव, बस्स. अर्थ असा की, आज या गावात कुणाला बांधीत, म्हणजे धुऱ्यांनी, बांधांनी वेढलेल्या धानाच्या शेतात, साप चावला तर दवाखान्यात न्यायला अमक्याची गाडी घरीच आहे, चावी खुंटीला आहे आणि गाडीवाला शुद्धीत आहे. निरोप टाकणारे बहुतेक एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. कुणी आसगावकडचा, कुणी पार सिहोऱ्याकडचा. एका गाण्यानं ते एकत्र आले. आमच्याकडे धान रोवताना बायका गातात, तसलंच एक गाणं.

या ग्रुपबद्दल माझा एकदा सत्कार झाला. ग्रुप मी काढला आणि मी सांभाळला, हे खरं आहे. पण ज्या बाईच्या गाण्यावर तो उभा राहिला, तिच्या नवऱ्याच्या मरणाबद्दल मी तिला सहा वर्षं खोटं सांगत आलो. ते खोटं गाण्यात गेलं. तिथून ते किती घरांत गेलं, ते मला मोजता येणार नाही. एका घराचं मला माहीत आहे. तेवढ्यासाठी हे लिहितो आहे.

माझं गावच्या स्टँडवर झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आमच्या भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी मी ते टाकलं. तेव्हा हातानं अर्ज लिहून द्यायचो. पुढे कॉम्प्युटर आला, मग सगळंच ऑनलाइन झालं, आणि गावात कुणाचा फोन अडला की लोक माझ्याकडे यायला लागले.

वडील शेती करायचे, आणि साप उतरवायचे, म्हणजे मंत्रानं विष काढायचे. आजूबाजूच्या पाचसहा गावांत साप चावला की त्यांच्याकडे निरोप यायचा. ते जेवत असले तर ताट सारून उठायचे. चावलेल्या माणसाच्या घरची सुपारीसुद्धा त्यांनी कधी घेतली नाही. त्या घरचं पाणीही पीत नसत, नंतरही, आयुष्यभर. या विद्येचे काही नियम होते आणि ते त्यांनी कधी मोडले नाहीत. त्यातला एक असा की, विष उतरल्याशिवाय चावलेल्या माणसाला वाहतं पाणी ओलांडू द्यायचं नाही. ओलांडलं तर विष त्या पाण्यासारखंच अंगात धावतं, असं ते म्हणत.

त्यांच्या हातून पुष्कळ माणसं बरी झाली. चावणाऱ्या सापांतले बरेच बिनविषारी असतात आणि ती माणसं तशीही वाचलीच असती, हे मला फार उशिरा कळलं. वडील खोटारडे नव्हते. त्यांचा स्वतःवर विश्वास होता, गावाचा त्यांच्यावर होता. मी बारावीपर्यंत शिकलेलो होतो, पण माझा त्यांच्यावर विश्वास आहे का, हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही. घरात जसं आढं असतं तसं ते होतं. आढ्याकडे बघून कुणी विचार करत नाही.

ज्याच्या मरणाबद्दल मी खोटं बोललो, तो माझा शेजारी होता. आम्ही एका वर्गात शिकलो, एकाच वर्षी आमची लग्नं झाली. त्याची दोन एकर बांधी गावाला लागून होती. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, रोवणेवाल्या बायकांच्या टोळीत पुढची गाणारी. ती एक ओळ म्हणायची आणि मागच्या पंधरावीस जणी ती उचलायच्या.

त्या दिवशी टोळी दुसऱ्या गावच्या रोवण्याला गेली होती. तो एकटाच आपल्या बांधीत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून पेंढ्या बांधत होता. दुपारी बाराच्या सुमाराला तो चालत माझ्या दुकानात आला. पाय चिखलानं माखलेले, एका हातात चप्पल.

“नाग होता बे,” तो म्हणाला. “धुऱ्यावर बसून होता बिचारा. मीच त्याच्यावर पाय देल्ला.”

“पक्का नागच होता?”

“फणा काढून उभा राहिला. आता काय त्याले आधार कार्ड मागू?”

मी शटर तसंच उघडं टाकलं. त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि दुपट्ट्यानं माझ्या कमरेशी बांधून घेतलं. माझी गाडी दवाखान्याच्या दिशेनंच निघाली होती, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण गाडीला किक मारायच्या आधी मी वडिलांना फोन लावला होता. ते आत्याच्या गावी गेले होते, सायकलवर.

“कोठं चावलं?” त्यांनी विचारलं.

“पायाले. आम्ही दवाखान्यात चाललो, बाबा.”

“नाल्याच्या अलीकडं थांब. पानी ओलांडू नोको. मी येऊनच राहिलो.”

आमच्या गावापासून कोसभर अंतरावर नाला आहे. त्यावर बुटका पूल, आणि पुलापासून तालुक्याचा दवाखाना वीस मिनिटांवर. नाल्याला मोठा पाऊस झाला की पाणी पुलावरून जातं आणि दोनतीन तासांत उतरतं. त्या दिवशी पुलाच्या खाली घोट्याच्या थोडं वर पाणी होतं. पूल कोरडा होता. पुलावर एक गाय बसली होती.

मी अलीकडे थांबलो.

“काहून थांबला बे?” तो म्हणाला.

“बाबा येऊन राहिले.”

त्यानं पुलाकडे पाहिलं. मग म्हणाला, “पूल त तिथंच आहे.” वाद त्यानं घातला नाही. त्याचाही माझ्या वडिलांवर विश्वास होता. या गोष्टीचा मी स्वतःच्या बचावासाठी अनेकदा उपयोग केला आहे, आणि दर वेळी तो उपयोग मलाच खोटा वाटला आहे. त्याच्या अंगात विष होतं. माझ्या अंगात नव्हतं. विचार करायचं काम माझं होतं.

आम्ही एका मोहाच्या झाडाखाली बसलो. अर्ध्या तासानं त्याच्या पापण्या उतरायला लागल्या. बोलणं जड झालं. मी तीनदा उठलो आणि गाडीपर्यंत गेलो. तिन्ही वेळा परत येऊन रस्त्याकडे बघत उभा राहिलो. वडील आले तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती. साठी ओलांडलेला माणूस, घामानं भिजलेला, एवढं अंतर सायकल मारत आलेला. त्यांनी त्याला कडुनिंबाचा पाला चघळायला दिला. पाला कडू लागतो का, विचारलं; विष चढलं की तो कडू लागत नाही, असं मानतात. त्याला सांगता येईना. वडिलांनी मंत्र म्हटला, पुन्हा म्हटला, मग हात खाली घेतला.

“ने त्याले,” ते अगदी हळू म्हणाले.

पूल ओलांडताना त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्याला उतरवून घेतलं तेव्हा श्वास होता की नव्हता, मला सांगता येत नाही. आतून बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी आणायला हवं होतं.” त्यांनी कुणाला दोष दिला नाही. असं त्यांना रोजच कुणाला तरी सांगावं लागत असेल.

निरोप कळल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टोळी आली. वहिनी कोपरापर्यंत चिखलातच होती. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“भाऊजी, चावल्याबरोबर तुमच्याकडं आले होते म्हणे. मग एवढा उशीर?”

“नाल्याले पानी होतं, वहिनी. पुलावरून.”

मी हे ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून निघालं. वडील मागून सायकलवर येऊन भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी ऐकलं. नाला चढतो आणि उतरतो, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला असेल, असं लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं. दोघातिघांनी तर नंतर सांगितलं की त्यांनीही पूर पाहिला होता.

त्यानंतर वडिलांनी साप उतरवणं बंद केलं. निरोप आला की “माही विद्या गेली” एवढंच म्हणायचे. आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. दोन वर्षांनी ते गेले. आता खरं माहीत असलेला मी एकटा उरलो होतो.

वहिनी त्या वर्षी गायली नाही. पुढच्या वर्षीही नाही. टोळीत जायची, खाली वाकून रोवायची, तोंड बंद. तिसऱ्या वर्षी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं बायकांना सापाबद्दल समजावून सांगितलं. दोरी बांधू नये, ब्लेडनं कापू नये, माणसाला हलू देऊ नये, थेट दवाखाना गाठावा. बायकांनी ऐकून घेतलं आणि त्या विसरल्या. वहिनी विसरली नाही. चार दिवसांनी बांधीत उभ्या उभ्या तिनं सूर लावला:

बांधीत चावला साप वं बाई, बांधीत चावला साप
नोको बांधू दोरी वं बाई, नोको मारू काप
हात पाय हालवू नोको, निजव गाडीवर
दवाखाना पयले वं बाई, देव त्याच्यानंतर

पुढे आणखी कडवी होती. आशाताईनं धुऱ्यावर उभं राहून ते सगळं फोनवर घेतलं. आवाज वाऱ्यात फाटत होता, मागून एक बाई खोकत होती, एक जण मध्येच “अवं, माही पेंढी फेक इकडं” म्हणून ओरडली, तेही त्यात आलं. मला वाटतं त्या ओरडण्यामुळेच लोकांनी ते एकमेकांना पाठवलं. ते सरकारी जाहिरातीसारखं वाटत नव्हतं. आठवड्याभरात ते आमच्या तालुक्याबाहेर गेलं. मग अनोळखी गावांतून गाणी परत यायला लागली. तीच चाल, नवी कडवी. एकीनं बॅटरीचं कडवं जोडलं:

अंधाराची जाशीन त वं बाई, बॅटरी हाती घे
काठी आपटत चाल वं बाई, पाय जपून दे

कुणी मच्छरदाणीचं जोडलं, कुणी आपल्या गावच्या गाडीवाल्याचं नाव घालून जोडलं. एका गावच्या बायकांनी तर त्यांच्या दारुड्या ड्रायव्हरची अशी रेवडी उडवली की बिचाऱ्यानं त्या हंगामात पिणं सोडलं. आशाताई म्हणाली, हे सगळं एका जागी ठेवायला पाहिजे. फोनमधलं मलाच कळतं, म्हणून ग्रुप मी काढला. पुढे ‘गाडी उभी आहे’ची कल्पना कुठल्याशा गावच्या एका बाईनं मांडली, मी फक्त ती सगळ्या गावांना कळवली.

मी त्या ग्रुपसाठी फार राबलो. गाण्यांची गावनिहाय यादी केली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची कडवी ऐकून लिहून काढली. रात्रीबेरात्री अडलेल्यांना शेजारच्या गावची गाडी जोडून दिली. माणसं वाचल्याचे निरोप यायचे. त्यात एखादीचा सलाईन लावलेल्या हाताचा फोटो असायचा. लोक मला हात जोडलेली चित्रं पाठवायचे. मी ती बघून फोन उलटा ठेवायचो.

कारण तिच्या गाण्यात हेही कडवं होतं:

माह्या धन्याच्या वाटंवरी नाल्याले आला पूर
पानी झालं वैरी वं बाई, दवाखाना झाला दूर

ते गाताना तिचा आवाज सगळ्यात मोकळा लागायचा. मी ते कडवंही यादीत लिहिलं. माझ्याच हातानं.

ते कडवं ऐकून ग्रुपवर लोकांनी आपापल्या गावच्या बुटक्या पुलांचे फोटो टाकायला सुरुवात केली. आमच्या नाल्याचाही आला. पूल उंच करून मिळावा म्हणून गावानं अर्ज द्यायचं ठरवलं. गावात अर्ज कोण लिहितो? मीच. ‘सदर पुलावरून पाणी वाहत असल्याने सर्पदंश झालेल्या शेतकऱ्यास वेळेवर उपचार मिळू शकले नाहीत,’ असं मी टाइप केलं, चार प्रती काढल्या आणि पहिली सही घ्यायला वहिनीकडे गेलो. तिनं सावकाश सही केली. “बरं केलं भाऊजी,” म्हणाली. “आता दुसऱ्याचा कोणाचा तरी जीव वाचंल.”

त्या वेळी सांगता आलं असतं. मी कागद घेऊन परत आलो.

आणखी दोन हंगाम गेले. तिसऱ्यात, रोवणं आटोपून निंदण सुरू झालं असताना, ग्रुपवर एक आवाजी निरोप आला. दुसऱ्या तालुक्यातला माणूस होता. मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याची आई साप चावून गेली होती, आणि तो फार शांतपणे बोलत होता.

“भाऊ, राम राम. गाण्यात सांगतलं तसंच आम्ही सगळं केलं. दोरी नाही बांधली. कापलं नाही. बुढीले हालू नाही देल्लं, खाटेवर निजवलं, गाडी काढली. फक्त नदीच्या अलीकडं थांबलो, बुवा येईपर्यंत. आमच्याकडं तशी रीत आहे. गाण्यात त्याच्याबद्दल काही नव्हतं, म्हणून आम्हाले वाटलं, त्याले हरकत नसंल. दुसऱ्यायले सांगा, भाऊ. एवढंच म्हणाचं होतं.”

मी दुकानात एकटा होतो. झेरॉक्स मशीन चालू होतं, कागद बाहेर पडत होते, ते मी पडू दिले. तोवर मी स्वतःला सांगत आलो होतो की माझ्या खोट्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, मेलेला माणूस परत येणार नाही, उलट त्या खोट्यावरून एक गाणं झालं, ग्रुप झाला, पुलाचा अर्ज गेला. आता समोर एक म्हातारी होती. गाण्यात ज्या जागी नाल्याच्या अलीकडे थांबू नका हे असायला हवं होतं, त्या जागी मी पूर आणून ठेवला होता.

मी शटर ओढलं आणि वहिनीच्या घरी गेलो.

ती अंगणात सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. तिनं तो निरोप ऐकलेला होता.

“ऐकलं का भाऊजी? कशी लोकं राहतात,” ती म्हणाली. “नदीजवळ थांबले म्हणे. म्हातारीचा जीव जाऊन राहिला अन् हे बुवाची वाट पाहून राहिले.”

मी उभाच होतो. म्हणालो, “वहिनी, मीबी थांबलो होतो.”

“कोठं?”

“नाल्यावर. पुलावरून पानी नव्हतं. पूल कोरडा होता. बाबा म्हणाले थांब, म्हणून थांबलो. चाळीस मिनिटं.”

सुपावरचे तिचे हात थांबले नाहीत. ती खडे काढत राहिली, बाजूला टाकत राहिली. मला वाटलं, तिला कळलंच नाही. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

“ऐकलं,” ती म्हणाली. आणखी एक खडा बाजूला टाकून, “तेव्हा बोलत होते का ते?”

“होय.”

“काय बोलले?”

हे मी वर लिहिलेलं नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर बोलायला वेळ होता हे कळलं असतं. मोहाच्या झाडाखाली, जीभ जड व्हायच्या आधी, त्यानं बायकोसाठी निरोप दिला होता.

“म्हणाला, तिले सांग, बावीस पेंढ्या उपटून ठेवल्या आहेत, विहिरीकडच्या बांधीत. त्यायच्यावर पानी मारून ठेव म्हणाव. उन्हानं मरतील.”

तिनं सूप खाली ठेवलं.

“त्या मेल्या,” ती म्हणाली. “मले कोणी सांगतलंच नाही. दहा दिवसानं गेली मी तिकडं. काळ्या पडल्या होत्या. ती बांधी त्या साली पडीक राहिली.” मग माझ्याकडे न बघता, “अन् तुमच्या बाबानं मरेपर्यंत माह्या घरचं पानी नाही घेतलं. मी म्हनत होती, केवढा नेमाचा मानूस.”

मी पायावर डोकं ठेवायला वाकलो, ती मागे सरकली.

“ते नोको. ते करून मोकळे व्हाल तुम्ही.”

“वहिनी, कडवं बदलाले पाहिजे. लोकायले कळलं पाहिजे की थांबायचं नाही.”

“मग बदला.”

“तुम्ही बांधाल त—”

“मी?” ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. “तुमचं खोटं मी गायली. आता तुमचं खरं बी मीच गाऊ? तुम्हाले तोंड नाही का? काढा फोन. इथंच बोला, माह्यासमोर.”

मी फोन काढला. बटण दाबलं आणि सुरुवात केली: “ग्रुपमधल्या सर्व बंधू-भगिनींना नमस्कार. एक चूक दुरुस्त करायची आहे…”

“हे भाषण कायले? पुसा. सरळ बोला.”

मी पुसलं. पुन्हा बोललो. पूल कोरडा होता असं म्हटलं.

“खाली किती पानी होतं ते सांगा.”

“घोट्याच्या वर.”

“मग तसं म्हना. बापानं थांबवलं तेबी म्हना. अन् थांबले तुम्ही, तेबी. बापावर ढकलू नोका.”

चौथ्या वेळी ते तिच्या मनासारखं झालं. पाठवायचं बटण मी दाबत नाही असं पाहून तिनं फोन माझ्या हातातून घेतला, स्वतः दाबलं आणि परत दिला. मग सूप उचलून आत गेली.

ग्रुपवर दिवसभर कुणी काही लिहिलं नाही. सगळ्यांनी ऐकल्याच्या खुणा मात्र एकेक करून येत होत्या. संध्याकाळी काही जण ग्रुप सोडून गेले. कुणी तरी लिहिलं, ‘अशा माणसाचा आपण सत्कार केला.’ त्याखाली कुणी काही जोडलं नाही, कुणी खोडलंही नाही. आशाताईनं मला एकट्याला निरोप पाठवला: ‘ॲडमिन मला करा. तुम्ही राहा, पण ॲडमिन नको.’ मी तसं केलं.

आईनं शेजाऱ्यांच्या फोनवर माझा आवाज ऐकला. रात्री ती माझ्या ताटात वाढत होती, वाढता वाढता थांबली.

“मेलेल्या बापाले तोंड नाही म्हणून त्याले ग्रुपवर उभं केलं का रे?”

“आई, मी माहंबी नाव घेतलं.”

“तू जित्ता आहेस. तुले उद्या इचारता येईल. त्याले कोठं इचारता येते?”

ती माझ्याशी पूर्वीसारखं अजूनही बोलत नाही.

गावात लोक दुसऱ्याच गोष्टीवरून रागावले. पूरच आला नव्हता म्हटल्यावर पूल कशाला मिळतो, असं ते म्हणायला लागले. मी भंडाऱ्याला जाऊन जिथं अर्ज दिला होता तिथं उभा राहिलो. टेबलावरच्या माणसाला सांगितलं, या अर्जातलं कारण खोटं आहे.

“म्हणजे पूल नको?”

“पूल पाहिजे.”

“मग?”

“कारण बदलायचं आहे.”

“तक्रार आहे की दुरुस्ती?” त्यानं विचारलं. त्यानं माझा कागद घेऊन शिक्का मारला आणि एका गठ्ठ्यावर ठेवला. पूल अजून तसाच आहे.

पंधरा दिवसांनी कुठल्याशा गावातून, ओळख न देता, एका बाईनं कडवं पाठवलं. आवाज म्हातारा होता.

पानी लागो वाटंवरी, गाडी थांबवू नोको
बुवा येतो म्हणल वं बाई, त्याची वाट पाहू नोको

आता पुराच्या कडव्याच्या जागी सगळीकडे हेच गातात. आमच्या गावची टोळीही गाते. पण पुढची गाणारी आता दुसरी आहे. वहिनीनं गाणं सोडलं. पूर हा देवाचा होता, त्याच्यावर गाणं करता येत होतं. माझ्या थांबण्यावर तिला गाणं करता आलं नसावं. हा माझा अंदाज आहे. तिनं मला असं काही सांगितलेलं नाही, आणि विचारायचा मला अधिकार नाही.

मागच्या रोवण्यात एक निरोप आला. एका गावच्या लोकांनी नाग चावलेल्या सुनेला नदीवर न थांबता पलीकडे नेलं होतं. अलीकडे बुवा हात करत उभा होता, तरी गाडीवाला थांबला नाही. सून वाचली. निरोपाच्या शेवटी मागून दवाखान्यातला गलका आणि कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. मी तो दोनदा ऐकला, आणि मला सांगावंसं वाटणारं माणूस एकच होतं.

टोळी रस्त्याकडेच्या बांधीत होती. मी गाडी लावून धुऱ्यावर गेलो. रोवताना बायका मागे मागे सरकत जातात, त्यामुळे त्यांच्या पाठी माझ्याकडे येत होत्या. वहिनी कडेला होती. ती जवळ आली तेव्हा मी फोन पुढे केला.

“वहिनी, एक निरोप आला आहे. नदी ओलांडून नेलं. वाचली.”

“ऐकलं मी सकाळीच,” ती वाकलेलीच म्हणाली. तिच्या हातांतलं रोप चिखलात गेलं, मग दुसरं. “चांगलं झालं.”

मी तिथंच उभा राहिलो. आणखी काही तरी असेल असं मला वाटत होतं.

“सरका आता भाऊजी,” ती म्हणाली. “मांगं याचं आहे मले.”

मी धुऱ्यावरून खाली रस्त्यावर उतरलो. ती मी होतो त्या जागेपर्यंत रोवत आली आणि पुढच्या ओळीला लागली.